एए-झ्यूस : पावसाळाभर खेळून झाल्यावरचा अभिप्राय

‘यू-गी-ओ!’ या पत्त्यांच्या खेळात समोरच्याचा भरलेला पट एका फटक्यात रिकामा करणारे मोठे मॉन्स्टर अनेक आहेत. इंग्रजी आवृत्तीत २००८ साली आलेले जजमेंट ड्रॅगन आणि ब्लॅक रोज ड्रॅगन ही त्यांतली जुनी आणि सर्वांच्या तोंडी असलेली नावे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ‘फँटम रेज’ या संचातून इंग्रजीत आलेला ‘डिव्हाइन आर्सेनल एए-झ्यूस – स्काय थंडर’ हा त्याच घराण्यातला आहे, मात्र त्याचा हिशेब पुष्कळ वेगळा आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी मी तो पत्ता घेतला आणि तेव्हापासून बेळगावात टिळकवाडीला रविवारी संध्याकाळी जमणाऱ्या आमच्या मंडळीत कागदी पत्त्यांनी, तर एरवी मोबाइलवर ‘मास्टर ड्युएल’ या त्याच खेळाच्या डिजिटल आवृत्तीत सतत वापरतो आहे. पत्ता नवा नाही, त्याची ताकद सर्वांना ठाऊक आहे. तरी तो नेमका केव्हा उपयोगी पडतो आणि केव्हा हातचा डाव घालवतो, याबद्दल आमच्या भागात बोलणे होते ते बहुतेक ‘भारी आहे’ एवढ्यावरच थांबते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पत्त्यावर काय लिहिले आहे ते आधी सांगतो. झ्यूस हा बाराव्या रँकचा एक्सीझ मॉन्स्टर आहे, म्हणजे सारख्या लेव्हलचे मॉन्स्टर एकावर एक रचून त्यांच्यावर उतरवायचा; खाली रचलेले पत्ते हे त्याचे ‘मटेरियल’, आणि ते काढून त्याचा परिणाम वापरायचा. हल्ला ३००० आणि बचाव ३०००. रीतीप्रमाणे बाराव्या लेव्हलचे दोन मॉन्स्टर लागतात, पण त्या वाटेने तो कोणी उतरवत नाही. त्या टर्नमध्ये कुठलाही एक्सीझ मॉन्स्टर लढलेला असेल, तर स्वतःच्या कोणत्याही एका एक्सीझ मॉन्स्टरवर झ्यूस थेट ठेवता येतो आणि खालचा मॉन्स्टर आणि त्याचे सगळे मटेरियल त्याच्याकडे येते. त्यानंतर दोन मटेरियल काढले की पटावरचे बाकीचे सर्व पत्ते, आपलेसुद्धा, ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात जातात. हा परिणाम समोरच्याच्या टर्नमध्येही वापरता येतो, तो कोणाला लक्ष्य करत नाही, काही नष्टही करत नाही, नुसते पाठवतो. त्यामुळे ‘नष्ट होत नाही’ किंवा ‘लक्ष्य करता येत नाही’ अशा संरक्षणावर विसंबलेले मॉन्स्टर त्याच्यापुढे टिकत नाहीत. एका टर्नमध्ये किती वेळा वापरायचा यावरही बंधन नाही. बंधन आहे ते फक्त मटेरियलचे.

माझ्या मते या पत्त्याचे सगळे मूल्य त्या शेवटच्या वाक्यात आहे. नवशिका खेळाडू झ्यूसकडे पट झाडणारा मॉन्स्टर म्हणून पाहतो, पण पट झाडण्याचे काम रायगेकी किंवा डार्क होलसारखे साधे स्पेल पत्तेही मॉन्स्टरपुरते करतात. झ्यूसच्या खाली किती पत्ते आहेत, हे समोरचा मोजत बसतो आणि त्या मोजणीवर आपला पुढचा टर्न बेततो, हे मात्र कुठल्याही स्पेलने साधत नाही.

म्हणून आधी मोजणी पाहू. चौथ्या रँकचा साधा एक्सीझ दोन मटेरियलवर उभा केला, त्याने हल्ला केला आणि दुसऱ्या मेन फेजमध्ये (टर्नमधल्या हल्ल्यांनंतरच्या टप्प्यात) त्याच्यावर झ्यूस ठेवला, तर झ्यूसखाली तीन पत्ते येतात; एकदा पट साफ होतो आणि एक पत्ता निरुपयोगी उरतो. त्याच एक्सीझचा परिणाम वापरण्याच्या मोहात एक मटेरियल खर्च केले असेल तर दोन उरतात, तेही चालते. दोन्ही खर्च केली असतील तर झ्यूस म्हणजे ३००० चा नुसता पहारेकरी. याउलट तिसऱ्या रँकच्या एक्सीझने हल्ला करून, दुसऱ्या मेन फेजमध्ये त्याच्यावर डाउनर्ड मॅजिशियन हा असाच थेट ठेवता येणारा एक्सीझ आणि त्याच्यावर झ्यूस ठेवला, तर खाली चार पत्ते येतात. एक्स्ट्रा डेकमध्ये (एक्सीझसारखे खास मॉन्स्टर ठेवण्याच्या वेगळ्या गठ्ठ्यात) एकूण जागा १५, आणि त्यातली एक केवळ या पायरीसाठी द्यावी लागते. तरीही ती मी आता कोणत्याच डेकमधून काढत नाही, कारण तीन आणि चार यांतला फरक एका पत्त्याचा नसून एका संपूर्ण वाराचा आहे.

तो फरक प्रत्यक्षात असा दिसतो. झ्यूसखाली चार पत्ते आहेत. मी दोन काढून परिणाम सुरू करतो. समोरचा त्याला जोडून इफेक्ट वेलर टाकतो, म्हणजे झ्यूसचा परिणाम रद्द होणार. खाली तीनच पत्ते असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण चार असल्यामुळे मी एकमेकांना जोडलेल्या परिणामांच्या त्याच साखळीत उरलेले दोन काढून झ्यूसचा परिणाम पुन्हा जोडतो, आणि साखळी शेवटापासून सुटत असल्याने वेलरचा परिणाम लागू होण्याच्या आतच पट साफ झालेला असतो. बॅरोन द फ्लूरसारखा, रद्द करून वर नष्टही करणारा मॉन्स्टर समोर असेल, तर याच रीतीने तो ग्रेव्हयार्डमध्ये जातो, पण त्याने आधीच जोडलेला परिणाम सुटताना झ्यूसलाही घेऊन जातो. दोन्ही बाजू मोकळ्या होतात आणि मग ज्याच्या हातात जास्त पत्ते, त्याचा डाव. हे आधी हिशेबात धरले नसेल तर चार मटेरियलचा झ्यूससुद्धा बरोबरीचाच सौदा ठरतो.

आता वेळेचा प्रश्न, आणि या पत्त्यावर खरा अभ्यास इथेच करावा लागतो. झ्यूस उतरतो तो बहुधा आपल्या दुसऱ्या मेन फेजमध्ये. तिथेच लगेच पट साफ करावा, की समोरच्याच्या टर्नची वाट पाहावी? आमच्यातले बहुतेक जण पहिला मार्ग घेतात. माझा कल हळूहळू दुसऱ्याकडे गेला आणि त्याला कारणे आहेत. इफेक्ट वेलर प्रतिस्पर्ध्याच्या मेन फेजमध्येच वापरता येतो. म्हणजे माझ्या मेन फेजमध्ये समोरचा तो माझ्यावर टाकू शकतो, पण स्वतःच्या टर्नमध्ये तो पत्ता त्याच्या हातात नुसता पडून राहतो. मॉन्स्टरचा परिणाम रद्द करणारा इन्फिनिट इम्परमनन्स हा ट्रॅप हातातून वापरायचा तर स्वतःच्या पटावर एकही पत्ता असून चालत नाही. म्हणजे समोरच्याचा पट भरलेला असेपर्यंत हातातल्या इम्परमनन्सची भीती नाही, भीती आहे ती आधीच उलटा ठेवलेल्याची. या दोन गोष्टी एकत्र धरल्या तर समोर भरलेला आणि धोकादायक पट असताना त्याच्या ड्रॉ फेजमध्येच (टर्नच्या सुरुवातीला पत्ता उचलतानाच) झाडून घेणे सर्वांत सुरक्षित ठरते. पट अर्धामुर्धा असेल तर मी आणखी थांबतो. त्याला टर्नमधले एकमेव नॉर्मल समन (हातातला मॉन्स्टर साध्या रीतीने उतरवणे) करू देतो, दोन पत्ते खर्चू देतो आणि मग साफ करतो.

आमच्याकडे निपाणीहून एसटीने येणारा एक मुलगा आहे, डोक्याने फार हुशार. झ्यूस त्याच्यासमोर उभा असला की तो पत्ते हातात धरून बराच वेळ बसतो आणि शेवटी म्हणतो, “टाका की ओ दादा एकदाचं झाडून, म्हणजे मला तरी कळंल पुढं काय करायचं ते.” झ्यूस कसा वापरावा, हे मला विचाराल तर त्याच्या या तक्रारीत आहे. न वापरलेला वार समोरच्याचा अख्खा टर्न अडवून ठेवतो. वापरलेला वार त्याला मोकळा करतो. अर्थात हे धोरण सगळ्यांवर चालत नाही, आणि जिथे चालत नाही तिथे ते चांगलेच अंगाशी येते.

सर्वांत कडू अनुभव कायजू मॉन्स्टरांचा. गेमसिएलसारखा कायजू हातात असलेला खेळाडू झ्यूसलाच ट्रिब्यूट, म्हणजे बळी म्हणून उचलतो आणि त्याच्या जागी माझ्या पटावर ते २२०० हल्ल्याचे कासव ठेवून देतो. हा ट्रिब्यूट परिणाम नसून कायजू उतरवण्याच्या रीतीचाच भाग असल्याने तिथे साखळीच सुरू होत नाही आणि खाली चार काय, सहा मटेरियल असली तरी उत्तर देता येत नाही. झ्यूसला स्वतःचे काहीच संरक्षण नाही, हे त्याच्या भारदस्त चित्राकडे पाहून विसरायला होते.

दुसरी अडचण ग्रेव्हयार्डमधून काम करणाऱ्या डेकांची. टियरलामेंट्स या डेकचे मुख्य मॉन्स्टर परिणामामुळे ग्रेव्हयार्डमध्ये गेले की तिथूनच फ्युजन करतात (पत्ते एकत्र करून नवा मॉन्स्टर उतरवतात), म्हणजे त्यांचा पट झाडणे हे त्यांना आयते हातभार लावणे होय. मिररजेड हा फ्युजन ड्रॅगन आपल्यामुळे पटावरून गेला तर त्याच टर्नच्या एंड फेजला आपले सगळे मॉन्स्टर नष्ट करू शकतो. झ्यूसने पट साफ केला आणि टर्नच्या शेवटी झ्यूसही गेला, असे तिथे घडते. पेंड्युलम मॉन्स्टर ग्रेव्हयार्डऐवजी एक्स्ट्रा डेकमध्ये उघडे जातात आणि तिथून परत येण्याची वाट त्यांना मोकळी असते. आणि ज्यांच्यावर इतर पत्त्यांचा परिणामच होत नाही, असे मॉन्स्टर जागचे हलत नाहीत. अशा डेकांसमोर मी झ्यूस उतरवतो तो केवळ ३००० चा हल्ला म्हणून, किंवा उतरवतच नाही.

झ्यूसचा दुसरा परिणामही आहे: आपला दुसरा एखादा पत्ता लढाईत किंवा समोरच्याच्या परिणामाने नष्ट झाला, तर टर्नमध्ये एकदा हातातला, डेकमधला किंवा एक्स्ट्रा डेकमधला एक पत्ता झ्यूसखाली जोडता येतो. कागदावर हा फार मोठा वाटतो. व्यवहारात झ्यूसच्या शेजारी आपले दुसरे काही क्वचितच असते, आणि झ्यूसने स्वतः पाठवलेले पत्ते ‘नष्ट झालेले’ धरले जात नाहीत, त्यामुळे या परिणामाचा उपयोग तीन मटेरियलच्या झ्यूसला चौथे मिळवून देण्यापुरता, तोही नशिबाने होतो.

पहिला टर्न आपला असेल तर झ्यूस जवळजवळ मृत पत्ता आहे, कारण पहिल्या टर्नला हल्ला करता येत नाही. कागदी खेळात तीन डावांचा सामना असतो, डावांच्या मध्ये बदलता येणाऱ्या राखीव पत्त्यांचा साइड डेक असतो, त्यामुळे याची झळ कमी लागते. मास्टर ड्युएलच्या क्रमवारीच्या सामन्यांत एकच डाव असतो, तिथे नाणेफेकीवर बरेच अवलंबून राहते. मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची सूचना: परिणाम विचारण्याचे बटण ‘ऑटो’वर ठेवले तर समोरच्याच्या ड्रॉ फेजला झ्यूसबद्दल विचारणा होईलच असे नाही, टर्न संपवण्याआधी ते ‘ऑन’ करावे. पावसात वीज गेल्यावर खानापूरच्या बाजूला नेटवर्क किती टिकते ते तिकडच्यांना वेगळे सांगायला नको, आणि खेळातले घड्याळ त्यासाठी थांबत नाही. तिथल्या आमच्या एका मित्राने याच कारणाने मोबाइलवर झ्यूसचा नाद सोडला आणि रविवारी बेळगावला येऊन कागदी पत्त्यांनीच तो खेळतो.

कागदी पत्त्याबद्दल तक्रार एकच: चमकदार छपाईचा पत्ता इथल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत वाकतो, आणि प्लॅस्टिकच्या स्लीव्हमधूनही ते कळते. एक्स्ट्रा डेकमधला हवा तो पत्ता पाहूनच घेता येत असल्याने त्यात फसवणुकीचा प्रश्न येत नाही, पण पत्ता खराब होतो. औषधाच्या डबीतली सिलिका जेलची पुडी डेकच्या डब्यात टाकून ठेवल्यावर माझा पत्ता पुन्हा बराच सरळ झाला.

ज्यांच्या डेकमध्ये एक्सीझ मॉन्स्टर सहज उभे राहतात आणि दुसऱ्या टर्नला खेळण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी झ्यूसची एक प्रत जरूर घ्यावी. मास्टर ड्युएलमध्ये तो यूआर (अल्ट्रा रेअर) दर्जाचा आहे आणि तयार करायला ३० यूआर गुण लागतात, ते या पत्त्यावर वाया जात नाहीत. सिंक्रो किंवा लिंक या दुसऱ्या प्रकारच्या मॉन्स्टरवर चालणाऱ्या डेकमध्ये केवळ नाव मोठे म्हणून तो कोंबू नये. दुसरी प्रत मी काही काळ ठेवून पाहिली. एकाच डावात दोनदा झ्यूस उतरवण्याइतका डाव लांबतच नाही, म्हणून ती जागा डाउनर्ड मॅजिशियनला दिली आहे.