ऑब्झर्व्ड-प्रेडिक्टेड प्लॉट: उभ्या अक्षावर काय घ्यायचं, आणि रेसिड्युअल प्लॉट कधी

समजा गोव्यातल्या वाळपईच्या महिन्याच्या पावसाचं मॉडेल केलंय आणि आता प्रोजेक्टमध्ये फिट, म्हणजे मॉडेल डेटाला किती जुळतं ते, दाखवायचंय. त्यासाठी ऑब्झर्व्ड (खरा मोजलेला पाऊस) आणि प्रेडिक्टेड (मॉडेलने सांगितलेला) एकमेकांसमोर मांडतात. कुठली व्हॅल्यू कुठल्या अक्षावर याकडे बरेच जण बघतच नाहीत, कारण आर-स्क्वेअर (फिट किती चांगला ते सांगणारा 0 ते 1 मधला आकडा) दोन्हीकडून सेमच येतो. ठिपक्यांमधून काढलेल्या रेषेचा स्लोप, म्हणजे चढ, मात्र सेम येत नाही.

प्रेडिक्टेड उभ्या अक्षावर घेऊन रेषा काढली तर साध्या लिनियर रिग्रेशनमध्ये, म्हणजे ज्या डेटावर मॉडेल बसवलं त्याच डेटावर, त्या रेषेचा स्लोप बरोब्बर आर-स्क्वेअर एवढाच येतो, आर-स्क्वेअर 0.6 तर स्लोपही 0.6, मग बघणाऱ्याला वाटतं मॉडेल मोठा पाऊस कमी सांगतंय आणि थोडा पाऊस जास्त, आणि नसलेला दोष शोधण्यात आठवडा जातो. ऑब्झर्व्ड उभ्या अक्षावर घ्या, त्याच डेटावर स्लोप 1 आणि इंटरसेप्ट (रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ती व्हॅल्यू) 0 येतो. पिनेरो आणि सहकाऱ्यांनी 2008 च्या पेपरात हेच सांगितलंय, माझंही मत तेच. फक्त हा 1 आपोआप येतो, त्यात मॉडेलची कमाल काही नाही. खरी परीक्षा मॉडेल बसवताना न वापरता बाजूला ठेवलेल्या वर्षांवर, तिथे स्लोप 1 पासून लांब गेला तर मात्र मॉडेलकडे बघायलाच हवं. दोन्ही अक्षांचं स्केल सारखं ठेवा आणि 1:1 ची रेषा (जिथे दोन्ही व्हॅल्यू सारख्या) काढाच.

आता रेसिड्युअल प्लॉट, यात उभ्या अक्षावर रेसिड्युअल, म्हणजे ऑब्झर्व्ड वजा प्रेडिक्टेड. दिसायला तेवढा छान नाही, पण वाकडेपणा आणि पंख्यासारखा पसरत जाणारा फरक यात पटकन कळतो, आधीच्या प्लॉटमध्ये तो तिरक्या रेषेच्या आसपास लपून जातो. आडव्या अक्षावर प्रेडिक्टेडच घ्या हां, ऑब्झर्व्ड घेतलं तर चांगल्या मॉडेलमध्येही चढ दिसतो. मॉडेल अजून सुधारायचं असेल तर आधी हा रेसिड्युअल प्लॉट बघा, गाईडला किंवा खात्यात दाखवायचं असेल तर ऑब्झर्व्ड-प्रेडिक्टेड.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, गोव्यात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर पडतो आणि जानेवारी-फेब्रुवारी कोरडेच, त्यामुळे बारा महिने एकत्र टाकले की काही ठिपके शून्याजवळ, काही वर जुलैपाशी, प्लॉट एकदम सुंदर आणि आर-स्क्वेअर मस्त. पण त्यातून एवढंच कळतं की मॉडेलला पावसाळा कधी येतो ते माहितीये. नुसते जुलैचे ठिपके वेगळे काढा, बऱ्याचदा तिथे रेषेऐवजी ठिपक्यांचा नुसता ढग दिसतो, आणि पाणीपुरवठा किंवा पूर यासाठी मॉडेल वापरायचं असेल तर रिपोर्टमध्ये तोच प्लॉट टाका.