मानवी आयुष्य (सीमाभाग आवृत्ती): ५०४ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हा खेळ मी ५०४ महिने, म्हणजे ४२ वर्षे, एकही दिवस न चुकवता खेळत आहे. तरीही अनुभव लिहिताना पहिली अडचण अशी येते की तुलनेसाठी दुसरा खेळ माझ्याकडे नाही. मनुष्यजन्म ८४ लक्ष योनींनंतर मिळतो असे म्हणतात. ते खरे धरले तर सराव भरपूर झालेला असायला हवा, परंतु त्यातले काहीही आठवत नसल्यामुळे मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात अगदी कोरा गडी म्हणूनच उतरलो. आडनाव, कुलदैवत आणि नाक आधीच भरलेले होते व ते बदलण्याची सोय कुठेही आढळली नाही.

सुरुवातीचे टप्पे मात्र उत्तम आहेत. पहिली पाच-सहा वर्षे खेळाडूला कच्चा लिंबू धरले जाते. तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही, उलट सगळे कौतुकाने हसतात. ही सवलत कोणत्या दिवशी काढून घेतली जाते याची सूचना कोणी देत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. झालेला खेळ जतन करण्याची सोय या खेळात नाही. लहानपणी मामांकडे कॅसेटवर चालणारा व्हिडिओ गेम होता. त्यात ९९९९ खेळ असल्याचे कॅसेटवर छापले होते आणि प्रत्यक्षात तेच आठ-दहा खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. त्यातल्या कॉन्ट्रामध्ये बटणे ठरावीक क्रमाने दाबली की तीनऐवजी तीस जीव मिळत. पण खानापूरच्या पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसे, आणि ती गेली की तिसाव्या जिवापर्यंत तग धरलेला गडीही पुन्हा पहिल्या जंगलात जाऊन उभा राहत असे. त्या वेळी राग यायचा. आज वाटते, तिथे निदान पुन्हा सुरुवात तरी करता येत होती.

जतन करण्याचे काम येथे कागदपत्रांवर सोपवलेले आहे आणि सीमाभागात ते फारच रंजक होते. माझी आजी मुंबई इलाख्यात जन्मली, मुंबई राज्यात सून झाली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात उठली, १९७३ मध्ये कर्नाटकात आली आणि २०१४ मध्ये तिच्या जिल्ह्याचे नाव बेळगावचे बेळगावी झाले. सून झाल्यानंतरच्या या संपूर्ण प्रवासात तिने घराचा उंबरा बदलला नाही. इतर खेळांत खेळाडू नकाशावर फिरतो. येथे खेळाडू चुलीपुढे बसून राहतो आणि नकाशा त्याच्या पाठीमागून सरकतो. या टप्प्याचा निकाल महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडे मागितला. दरम्यान वाद तापला की कोल्हापूरची बस सीमेवर अडते आणि लग्नाला निघालेले वऱ्हाड हातातल्या आहेराकडे पाहत बसते.

कागदांवरून आठवले. शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो आणि आमच्या उताऱ्यात आजोबांच्या नावात एक अक्षर जास्तीचे घुसले होते. ते काढण्यासाठी मी एका कार्यालयात सात खेपा घातल्या. काही खेळांत एकाच जागी उभी राहून एकच वाक्य म्हणणारी पात्रे असतात, तसे तेथील गृहस्थ मला दर वेळी ‘नाळे बर्री’, म्हणजे उद्या या, एवढेच सांगत. सातव्या खेपेस दुपारचे दोन वाजले होते, म्हणून मी सहज ‘ऊटा आतेन्री?’ असे विचारले. जेवण झाले का, एवढाच प्रश्न. परंतु त्यानंतर त्यांनी मला डब्यातल्या शेंगाचटणीपासून मुलीच्या दहावीपर्यंत सारे सांगितले आणि चार वाजता दुरुस्तीचा अर्ज पुढच्या टेबलावर सरकला. कॉन्ट्राच्या बटणांचा क्रम मला दहा वर्षांचा असताना कळला होता, याला चाळिशी उजाडावी लागली. सूचनापुस्तिका असती तर सहा खेपांचे बसभाडे वाचले असते.

प्रकृतीच्या बाबतीत रचना सदोष आहे. गोळ्या झेलल्यावर भिंतीआड क्षणभर थांबले की जीव आपोआप भरून येतो, हे इतर खेळांतले तत्त्व माझ्या गुडघ्यांना लागू नाही. बेळगावचा कुंदा खाल्ल्यावर शक्ती वाढल्याचा स्पष्ट भास होतो, हिशेब मात्र तीन महिन्यांनी येतो. कारण एचबीएवनसी नावाची तपासणी रक्तातल्या तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण तेवढ्या काळाची सरासरी सांभाळून ठेवतात. म्हणजे जतन करण्याची सोय आहे, पण नेमकी कुंद्याचीच. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटात, म्हणजे जुन्या सापशिडीत, सापांवर दुर्गुणांची नावे लिहिलेली असत. मिठाईच्या डब्यावर तशी पद्धत सुरू करण्यास हरकत नसावी.

शेवटच्या टप्प्यांविषयी मला स्वतःचा अनुभव नाही, म्हणून आजीचे निरीक्षण नोंदवतो. १९८० च्या पॅकमॅन या व्हिडिओ गेममध्ये टप्प्याचा क्रमांक ठेवायला २५५ पर्यंतच जागा होती. त्यामुळे २५६ व्या टप्प्यावर पडद्याचा उजवा अर्धा भाग विस्कटलेल्या अक्षरांनी भरतो, डावा अर्धा भाग मात्र जसाच्या तसा असतो. ८८ वर्षांच्या आजीचेही तसेच झाले आहे. म्हैसूर राज्य झाल्यावर गावातल्या शाळेत काय बदलले, कोणत्या पावसाळ्यात ओढ्याने बांध फोडला, सासऱ्यांनी कोणाला किती शेर भात उसने दिले, हे ती बिनचूक सांगते. सकाळी जेवली की नाही, हे तिला सांगता येत नाही. डाव्या अर्ध्या भागातले मी हल्ली वहीत उतरवून घेत आहे; ओढ्यापर्यंत आलो आहे.

उजव्या भागात बहुधा मी आहे. रोज संध्याकाळी मी तिला माझे नाव सांगतो, ती ‘कोणाचा रे तू?’ असे विचारते, मी वडिलांचे नाव सांगतो, आणि ती समाधानाने मान हलवून कुंदा आणलास का म्हणून पिशवीकडे पाहते.