दहावीची मार्कशीट डिजीलॉकरवरून काढली, 4 स्टार

भाची 2025 ला दहावी झाली. 13 मे ला दुपारी 1 ला रिझल्ट. सीट नंबर आणि आईचं नाव टाकायचं एवढंच काम, पण घरात कुणाला धीर धरवेना म्हणून ताई तिला घेऊन कोपऱ्यावरच्या नेट कॅफेत गेली. त्याने एका पानाचे 30 रुपये घेतले आणि प्रिंट अशी फिकी की गणिताचे 82 आहेत का 32 तेच कळेना, पोरगी तिथेच रडकुंडीला आली. त्याला 1 स्टार, तोही खुर्चीवर पंखा होता म्हणून.

मग मी डिजीलॉकर काढलं, म्हणजे कागदपत्रं मोबाईलवर ठेवायचं सरकारी ॲप. आधारला नंबर दाजींचा, दाजी नाशिकला मीटिंगमध्ये, ओटीपी सांगायला त्यांना तीनदा फोन केला तेव्हा कुठे लॉगिन झालं. तेवढं आधीच करून ठेवा बाबांनो, रिझल्टच्या दिवशी नको. पुढे सगळं सोपं, राज्य बोर्ड निवडलं, सीट नंबर टाकला, मार्कशीट डाऊनलोड. फुकट आणि स्वच्छ दिसणारी.

खरी गंमत नंतर झाली. मराठी 84, हिंदी 61, इंग्रजी 78, गणित 82, विज्ञान 80, सामाजिक शास्त्रे 88. आजोबांनी कागदावर बेरीज केली, 600 पैकी 473, म्हणजे 78.83 टक्के. मार्कशीटवर 82.40! म्हणाले बोर्डाने चूक केलीय, परत तपासायला टाका. अहो बेस्ट ऑफ फाइव्ह आहे ते, सगळ्यात कमी मार्कांचा विषय सोडून पाचची बेरीज, 500 पैकी 412. हे त्यांना समजवायला मला रिझल्ट बघण्यापेक्षा जास्त वेळ लागला. माझं म्हणणं एवढंच की मार्कशीटवर टक्क्यांच्या शेजारी दोन ओळी सोप्या मराठीत लिहा ना, घरोघरी हीच भांडणं होत असतील.

अजून एक, लेखी 80 चं आणि शाळेचे अंतर्गत 20, पण मार्कशीटवर नुसते 100 पैकी दिसतात. पोरीचं विज्ञान लेखीत कच्चं की प्रॅक्टिकलमध्ये, कसं कळणार? एक स्टार त्याचा कापला.

बाकी डिजीलॉकरची मार्कशीट मूळ कागदासारखीच कायदेशीर धरतात, हे मी आजोबांना दोनदा सांगितलं. त्यांनी मोबाईल लांब धरून बघितला, चष्मा पुसला, परत बघितला आणि म्हणाले, शाळेतून खरी कधी मिळणारे?