राख, तूस की काच? नागपुरात भट्टी पेटवण्याआधी

इथलीच माती आणि कारखान्यांचं उरलंसुरलं घेऊन सिरॅमिक करायचंय, सुरुवात कशानं करू, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: करणार काय? कुंडी, टाइल की चहाचा कप? कुंडीला चालतं ते ओठाला लागणाऱ्या कपाला चालेलच असं नाही.

आधी माती. आपली काळी माती हाताला लोण्यासारखी लागते, पण वाळताना अशी आकसते की उन्हाळ्यात शेतात पडतात तशाच भेगा थाळीला पडतात. शिवाय तिच्यात चुनखडीचे बारीक खडे. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो आणि नंतर हवेतला ओलावा पिऊन तो फुगतो. माझे पहिले बारा कप भट्टीतून ठणठणीत निघाले आणि आठवड्याभरात फळीवर बसल्या बसल्या त्यांचे टवके उडाले. तेव्हापासून मी तळ्याचा गाळ पाण्यात कालवून बारीक चाळणीतून काढते. काळी माती घेते ती चिकटपणापुरती, मूठभर. उंच तापमानाची माती हवी असेल तर कोळशाच्या थरांसोबत येणारी, मोठी आच सोसणारी फायरक्ले शोधा, आणि जमलं तर चंद्रपूरच्या वाटेवर भद्रावतीला उतरून ग्रामोदय संघाचं कुंभारकाम बघून या.

आता राख. कोराडी आणि खापरखेड्याची कोळशावरची वीजकेंद्रं उशाशी असल्यावर पहिला विचार तिचाच येतो, आणि पहिला गैरसमजही तिथेच. लाकडाच्या राखेत चुना भरपूर असतो, म्हणून ती मोठ्या आचेवर वितळून भांड्यावरचा काचेसारखा लेप, म्हणजे ग्लेझ होते. दगडी कोळशाची फ्लाय अ‍ॅश मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना. ती वितळवत नाही, मातीत फक्त भर घालते. आकसणं कमी होतं, तडे कमी जातात, पण चिकटपणाही जातो. माझ्या हाताखाली २० टक्क्यांच्या पुढे माती चाकावर उठतच नाही. साच्यात दाबायच्या टाइलला मात्र ३० टक्केही खपते. राखेत न जळलेला कार्बन असतो, म्हणून ६०० ते ९०० अंशांत भट्टी सावकाश चढवा, नाहीतर टाइलचं पोट काळं राहतं आणि फुगतं. वीजकेंद्र पाण्यासोबत राख सोडतं त्या राख-बंधाऱ्यातली राख जाडीभरडी असते, कोरडी बारीक राख बरी. राखेच्या विटा करणाऱ्या कारखान्यात दोन पोती मागितली तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. मास्क लावूनच चाळा. तिच्यात आर्सेनिक, शिसं, क्रोमियम यांचे अंश असतात, त्यामुळे खाण्यापिण्याच्या भांड्यांत मी ती घालत नाही.

तुसाची राख वेगळी. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधून येते आणि तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका. आपले कुंभार मातीत राख, तूस, लीद पूर्वापार मिसळत आलेच आहेत. मी मात्र ती ग्लेझसाठी राखून ठेवते, गारगोटीच्या भुकटीच्या जागी. जपानी कुंभारांचं दुधाळ नुका ग्लेझ याच राखेवर उभं आहे. पण त्याला १२०० अंशांच्या वरची आच लागते.

आणि इथेच काच जिंकते. खिडकीच्या काचेत १३ टक्क्यांच्या आसपास सोडा असतो, म्हणून ती ७०० अंशांच्या पुढे मऊ पडते. लाल मातीत १० ते १५ टक्के काचपूड घातली की १०४० अंशांतच भांडं बऱ्यापैकी घट्ट होतं. भट्टीचे शेवटचे दोनशे अंश सगळ्यांत जास्त वीज खातात. राखेचं पोतं फुकट आणून १२४० अंशांना भाजणाऱ्यापेक्षा काच दळून १०४० वर थांबणारा मला जास्त पर्यावरणवादी वाटतो. दळायचा ताप आहेच, बॉल मिल, म्हणजे गोळ्यांनी दळणारं फिरतं पिंप, नसेल तर विचारूच नका. नुसत्या काचेचं ग्लेझ लावलंत तर बारीक तडकतं. क्रिस्टल काच आणि जुन्या टीव्हीची काच घेऊ नका, तिच्यात शिसं असतं.

मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणींमुळे मॅंगनीजचा मोहही होतो. चॉकलेटी-काळा रंग सुरेख येतो, पण साधारण १०८० अंशांवर ते प्राणवायू सोडतं आणि ग्लेझला फोड येतात. धूर मेंदूला घातक. बंद खोलीत भट्टी असेल तर नकोच.

तर चाक आणि एकच विजेची भट्टी असलेल्याला मी सांगेन: कपांना गाळ आणि काच, टाइल-कुंड्यांना गाळ आणि फ्लाय अ‍ॅश. तुसाची राख दुसऱ्या वर्षी. प्रत्येक मिश्रणाची पट्टी करून ओली असताना तिच्यावर १० सेंटीमीटरची रेघ मारा, भाजल्यावर ९.२ भरली तर आकसणं ८ टक्के. आणि राखेच्या पोत्यावर आणल्याची तारीख लिहा. कोळसा बदलला की राख बदलते, नव्या पोत्याची पट्टी पुन्हा भाजावी लागते.