आज रात्री कुठला जुना सिनेमा लावावा?

गेल्या वर्षभरात मी ठरवून जुने सिनेमे पाहिले. म्हणजे असे, की ज्यांची नावं वर्षानुवर्षं ऐकत आलो, कुणी विषय काढला की जाणकारासारखी मान डोलावली, आणि प्रत्यक्षात ज्यांची पाच मिनिटंही पाहिली नव्हती. त्यातले जे डोक्यातून जायला तयार नाहीत ते इथे शेजारी शेजारी मांडतो. यांत श्रेष्ठ कोण, हा वाद अभ्यासकांना लखलाभ. आपला प्रश्न साधा आहे. दोन तास मोकळे मिळालेत, जुना सिनेमा पाहायची इच्छा आहे आणि कंटाळा येईल की काय अशी धास्तीही आहे, तर सुरुवात कुठून करायची?

मी केली तिथून करू नका. मी थेट 'टोकियो स्टोरी'ला हात घातला, कारण याद्यांमध्ये तो वर होता. २०१२ साली 'साइट अँड साउंड' मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला तेव्हा तो पहिला आला होता. एवढं नाव असल्यावर विचार कसला करायचा! रात्री अकराला लावला, हातात फोन होताच, चाळिसाव्या मिनिटाला डुलकी लागली. दुसऱ्या दिवशी "चांगलाय, पण संथ आहे" असं ठोकून दिलं. चार महिन्यांनी एका रविवारी सकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तोच सिनेमा पुन्हा लावला, आणि संपल्यावर बराच वेळ जागचा हललो नाही. तेव्हापासून जुना सिनेमा निवडताना मी आधी स्वतःकडे बघतो. डोकं ताजं आहे की शिणलेलं, एकटा आहे की चारजण बरोबर आहेत, सबटायटल वाचायचं त्राण आहे का. सिनेमाचं नाव किती मोठं, हे नंतर.

डोकं शिणलेलं असेल तर निवड दोघांत करा: 'ट्वेल्व अँग्री मेन' (१९५७) किंवा 'रिअर विंडो' (१९५४). दोन्ही अमेरिकी, दोन्ही एकाच जागी घडणारे, आणि दोन्ही पहिल्या पंधरा मिनिटांत पकड घेणारे.

पहिल्यात बारा ज्युरी एका खोलीत बंद आहेत. १८ वर्षांच्या मुलावर बापाच्या खुनाचा आरोप आहे. पहिल्या मतदानात अकरा जण म्हणतात दोषी, एक म्हणतो नाही. हा एक म्हणजे हेन्री फोंडा. तोही 'पोरगा निर्दोष आहे' असं छातीठोक सांगत नाही. एका पोराला मरायला पाठवण्याआधी थोडं बोलूया, एवढंच त्याचं म्हणणं. सिनेमा ९६ मिनिटांचा, आणि त्यातली जेमतेम तीन मिनिटं त्या खोलीच्या बाहेर. तरी घुसमट चढत कशी जाते, हे मला पाहताना कळलं नव्हतं, फक्त गळ्याजवळचं बटण काढावंसं वाटत होतं. नंतर वाचलं. दिग्दर्शक सिडने ल्युमेटने सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला, मध्ये पातळीला आणला आणि शेवटच्या भागात पातळीच्या खाली नेला, त्यामुळे तोवर न दिसलेलं छत दिसायला लागतं. लेन्सही बदलत नेल्या, इतक्या की शेवटी भिंती माणसांच्या पाठीला टेकल्यासारख्या वाटतात. हा त्याचा पहिला चित्रपट, हे वाचून मात्र जरा राग आला.

बासू चॅटर्जींचा 'एक रुका हुआ फ़ैसला' (१९८६) पाहिलेल्यांना वाटेल, कथा तर माहीतच आहे. खरं आहे, युक्तिवादसुद्धा जवळजवळ तेच. शेवटपर्यंत अडून बसणाऱ्याच्या भूमिकेत मला तर पंकज कपूर जास्त अंगावर आला. पण ती खोली आक्रसत नाही. मूळ सिनेमा त्या एका गोष्टीसाठी पाहायचा.

'रिअर विंडो' रंगीत आहे, ११२ मिनिटांचा. पाय प्लास्टरमध्ये अडकलेला छायाचित्रकार खिडकीत बसून समोरच्या घरांत डोकावतो आणि त्याला संशय येतो की एका शेजाऱ्याने बायकोचा खून केलाय. समोरचं ते सगळं अंगण आणि भोवतालची ३१ घरं स्टुडिओत उभारली होती. सुरुवातच पाहा. कॅमेरा नायकाच्या खोलीतून फिरतो: आधी पायाचं प्लास्टर, मग एक मोडका कॅमेरा, मग भिंतीवरचा फोटो, ज्यात शर्यतीच्या गाडीचं चाक निखळून थेट आपल्याकडे येतंय. हा कोण, पाय कसा मोडला, हौस कसली, सगळं कळलं आणि कुणी अवाक्षर काढलेलं नाही. आजच्या सिनेमात यासाठी एक मित्र येऊन पाच मिनिटं बोलून जातो.

तक्रार आहे ती नायकाबद्दल. नायिका ग्रेस केली समोर उभी असताना हा माणूस लग्न टाळायच्या सबबी सांगत बसतो. त्या सबबी १९५४ मध्ये कशा वाटल्या असतील कोण जाणे, आज ऐकताना नुसती चिडचिड होते. तिची व्यक्तिरेखा मात्र पुढे असं काही करून दाखवते की हिशोब चुकता होतो.

दोघांत निवडायचं कसं? बरोबर बडबडी माणसं असतील तर 'रिअर विंडो'. त्यातली पात्रंच समोर जे दिसेल त्यावर शेरे मारत असतात, तुमच्या माणसांनी चार मारले तरी खपून जातं. 'ट्वेल्व अँग्री मेन'मध्ये एक वाक्य हुकलं तर चाकूचा मुद्दा सुटतो, म्हाताऱ्या साक्षीदाराच्या लंगडण्याचा मुद्दा सुटतो, आणि "काय म्हणाला?" असं विचारेपर्यंत आणखी एकाने मत बदललेलं असतं. तो एकट्याने पाहा, किंवा गप्प बसू शकणाऱ्या एखाद्याबरोबर.

आता अवघड जोडी. 'इकिरू' (१९५२) आणि 'टोकियो स्टोरी' (१९५३). पहिला अकिरा कुरोसावाचा, दुसरा यासुजिरो ओझूचा. दोन्ही जपानी, कृष्णधवल. एक १४३ मिनिटांचा, दुसरा १३६. दोन्हींच्या मध्यभागी एक थकलेला माणूस, आणि गंमत म्हणजे ताकाशी शिमुरा काय किंवा चिशू र्यू काय, हे नट त्या वेळी पन्नाशीलाही पोचले नव्हते. र्यू तर ४९ व्या वर्षी सत्तरीतला बाप होऊन बसलाय, आणि कुठे खोटा वाटत नाही.

कागदावर एवढे सारखे असलेले हे दोन सिनेमे पाहण्याचा अनुभव मात्र अगदी उलटा.

'इकिरू'ची सुरुवात पोटाच्या एक्सरेने होते. निवेदक सांगून टाकतो की या माणसाला कर्करोग आहे, त्याला अजून पत्ता नाही, आणि तसं पाहिलं तर तो गेली वीसेक वर्षं मेलेलाच आहे. मग दिसतो वातानाबे, फायलींच्या गठ्ठ्यांमध्ये शिक्के मारत बसलेला विभागप्रमुख. काही बायका अर्ज घेऊन येतात: घाण पाण्याचं डबकं बुजवा, तिथे मुलांना खेळायला बाग करा. त्यांना या खिडकीवरून त्या खिडकीवर, त्या खात्यातून या खात्यात फिरवलं जातं, आणि शेवटी त्या जिथून निघाल्या त्याच खिडकीशी येऊन उभ्या राहतात. मी खोखो हसलो. सरकारी खिडकीपुढे एकदा उभा राहिलेला कुणीही हसेल.

मधला भाग मला लांबलेला वाटला, हे कबूल करतो. मरण कळल्यावर वातानाबे एका लेखकाबरोबर रात्रभर दारूचे अड्डे आणि नाचघरं हिंडतो. त्यातली निम्मी रात्र कमी केली असती तरी चाललं असतं. पण त्याच रात्री तो 'आयुष्य छोटं आहे' अशा अर्थाचं जुनं गाणं पुटपुटत गायला लागतो आणि नाचणारी जोडपी थांबतात, ते मी दोनदा मागे नेऊन पाहिलं. पुढे एक जागा आहे. कार्यालय सोडून खेळण्यातले ससे बनवणाऱ्या एका तरुण मुलीसमोर तो उपाहारगृहात बसलाय. आपल्यालाही काहीतरी करता येईल, हे त्याला अचानक उमगतं आणि तो घाईने जिना उतरायला लागतो. वर जमलेली मुलं त्याच वेळी वाढदिवसाचं गाणं सुरू करतात. गाणं त्याच्यासाठी नाही, त्यांची मैत्रीण जिना चढून येतेय तिच्यासाठी आहे. कुरोसावाने एवढ्यावर सोडलंय.

आणि मग, सिनेमाचा जवळजवळ तिसरा हिस्सा बाकी असताना, नायक मेलेला असतो. (त्याचं मरण पहिल्याच मिनिटाला जाहीर झालंय, तेव्हा मी काही फोडलं असं मानू नका.) उरलेला सिनेमा त्याच्या तसबिरीसमोर दारू पीत बसलेल्या सहकाऱ्यांच्या बोलण्यातून उलगडतो. बाग कुणामुळे झाली, श्रेय कुणाचं, यावर खल चालतो. जसजशी चढते तसतसे ते खरं बोलायला लागतात. दुसऱ्या दिवशी कार्यालयात काय होतं ते स्वतः पाहा.

'टोकियो स्टोरी'त असं सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही. म्हातारा-म्हातारी ओनोमिची गावाहून टोकियोला मुलांकडे येतात, मुलं आपापल्या कामात. कुणी दुष्ट नाही. डॉक्टर मुलगा सगळ्यांना घेऊन फिरायला निघणार तोच रुग्णाचं बोलावणं येतं. जावई सासूसासऱ्यांसाठी महागाचं गोड आणतो, तर मुलगी म्हणते, त्यांना कशाला एवढं भारी, आणि स्वतःच त्यातलं उचलून खाते. एवढाच प्रसंग. त्यात मोठा आवाज नाही, संगीत नाही. मला मात्र तिथे आपल्याच घरातली दोन-तीन माणसं आठवली, आणि त्यांतला एक मी होतो. मग युद्धात गेलेल्या मुलाची विधवा नोरिको, खरं तर रक्ताच्या नात्याची नसलेली, ती या दोघांना आपल्या एका खोलीत नेते आणि सासऱ्यासाठी शेजारणीकडून साके, म्हणजे तांदळाची दारू, मागून आणते.

ओझूचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर असतो आणि अख्ख्या सिनेमात एक-दोनदाच हलतो. माणसं बोलतात ती जवळजवळ तुमच्याकडे बघून. दोन प्रसंगांच्या मध्ये धुराडी, वाळत घातलेले कपडे, रिकामी वाट असं काहीबाही दिसतं. मी पहिल्या खेपेला फोन उचलला तो नेमका इथेच. दुसऱ्या खेपेला कळलं की तेवढा वेळ ओझूने आधीचं वाक्य गळ्याखाली उतरावं म्हणून दिलाय.

माझं मत विचाराल तर आधी 'इकिरू', आणि मध्ये बरेच दिवस जाऊ देऊन 'टोकियो स्टोरी'. 'इकिरू' हाताला धरून नेतो: हसवतो, कोडं घालतो, सांगायचं ते ठासून सांगतो. पाहिल्यावर आठवडाभर मी लोकांच्या निरोपांना लगेच उत्तरं देत होतो. मग ते ओसरलं. 'टोकियो स्टोरी' मात्र ओसरला नाही. आईवडिलांपासून लांब राहत असाल तर तो पाहायचा दिवस जरा जपून निवडा.

सबटायटलचा अगदीच तिटकारा असेल तर 'इकिरू'वरून इंग्रजीत केलेला 'लिव्हिंग' (२०२२) आहे, बिल नायी नायक, पटकथा काझुओ इशिगुरोची, लांबीही पावणेदोन तासांच्या आत. देखणा आहे, पण सभ्य. त्या पिणाऱ्या मंडळींचा ओशाळा गोंधळ त्यात नाही, आणि माझ्या लेखी मूळ सिनेमाचा अर्धा जीव तिथे आहे.

घरात लहान मुलं असतील तर हे सगळं बाजूला ठेवा आणि 'सिटी लाइट्स' (१९३१) लावा. बोलपट येऊन चार वर्षं झाली होती, तरी चॅप्लिनने तो मूकच ठेवला. ८७ मिनिटं, मुष्टियुद्धाच्या प्रसंगात पोरं लोळतील. तुम्ही मात्र एक बघा. आंधळ्या फुलवालीला हा फाटका माणूस श्रीमंत वाटायला हवा, तेही आवाजाविना. तर तो रस्ता ओलांडताना मध्ये उभ्या असलेल्या गाडीत एका दाराने शिरतो आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडतो, ती दार लागल्याचं ऐकते. झालं काम.

याच लांबीचा, ८९ मिनिटांचा, इटलीचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८). लांबी बघून फसू नका, सहांत काळजाला सर्वांत जड हाच. गहाण पडलेली सायकल सोडवायला घरातल्या चादरी गहाण पडतात, आणि त्या ठेवायला तिथला माणूस उंच फळ्यांवर चढत जातो. प्रत्येक फळी दुसऱ्यांच्या चादरींनी भरलेली. मुख्य भूमिकेतला माणूस खराखुरा कारखान्यातला कामगार होता. स्वतःचंच काही हरवलं असेल त्या दिवशी हा पाहू नका.

सहा म्हणता म्हणता सातवा सांगतोच. शांतारामांचा 'माणूस' (१९३९) मी आजवर फक्त 'कशाला उद्याची बात' या गाण्यापुरता ओळखत होतो. गणपत हा साधा पोलीस शिपाई आणि कोठीवरची मैना. चार वर्षांपूर्वी 'देवदास' येऊन गेलेला, प्रेमात हरलेल्याने दारूत बुडायचं हा शिरस्ता पडलेला, आणि 'प्रभात' कंपनीने या सिनेमातून त्याला रोखठोक उत्तर दिलं. ध्वनिमुद्रणाची खरखर आणि त्या काळची शब्द तोलून बोलायची ढब यांची कानांना सवय व्हायला दहा मिनिटं लागतात, तेवढी द्या. सबटायटल वाचायची नसल्यामुळे डोळे मोकळे राहतात, आणि शाहू मोडक व शांता हुबळीकर यांच्या चेहऱ्यांवर बघण्यासारखं खूप आहे.

हे सगळं मी एका मित्राला अगदी क्रमाने सांगितलं: थकलेल्या दिवशी बारा माणसं, सुट्टीच्या संध्याकाळी 'इकिरू', आणि 'टोकियो स्टोरी' नंतर कधीतरी, सकाळी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच रात्री साडेदहाला 'टोकियो स्टोरी' लावला. सकाळी निरोप आला: "चांगलाय रे, पण संथ आहे."

त्याला मी चार महिने दिलेत.