उल्सानच्या युनिस्टमध्ये एकवीस महिने : वापरानंतरचा अनुभव

जानेवारी 2024. तळेगावच्या घरी मी बॅग भरत होते आणि बाबा पेपरमधली बातमी मोठ्याने वाचून दाखवत होते : जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात आला. "तू ह्युंदाईच्या गावाला निघालीस आणि ह्युंदाई आपल्या गावाला आली," हे त्यांनी त्या दिवशी घरी आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. फेब्रुवारी संपता संपता मी दक्षिण कोरियातल्या उल्सानला पोचले. युनिस्ट, म्हणजे उल्सान नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी, इथे मास्टर्स, बॅटरीच्या लॅबमध्ये. आता नोव्हेंबर 2025 चालू आहे, थीसिस लिहितेय, फेब्रुवारीत डिग्री हातात येईल. इथे यायचं ठरवताना मराठीत वाचायला काहीच मिळालं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी संस्थेचं वय. माझ्या धाकट्या भावाचा जन्म 2009 चा आणि युनिस्टची पहिली तुकडी आली तीही 2009 च्या मार्चमध्ये. भाऊ यंदा अकरावीत गेला. तेवढ्याच वयाची ही संस्था आज कोरियात संशोधनाचा विषय निघाला की काइस्ट, पोस्टेक या तिथल्या नावाजलेल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थांच्या बरोबरीने घेतली जाते. काइस्ट 1971 चं, पोस्टेक 1986 चं. एवढ्या कमी वेळात हे कसं जमलं, हा प्रश्न मला पहिले सहा महिने पडलेला होता.

त्याचं अर्धं उत्तर गावात आहे. उल्सान म्हणजे कोरियाचं पिंपरी-चिंचवड आणि ट्रॉम्बे एकत्र केल्यासारखं. 1962 मध्ये सरकारने हा भाग खास औद्योगिक क्षेत्र ठरवला, तोवर इथे मासेमारी आणि शेती होती. मग ह्युंदाईच्या मोटारी, जहाजबांधणी, तेलशुद्धीकरण, पेट्रोकेमिकल असं सगळं आलं. देशाच्या निर्यातीचा मोठा वाटा ज्या शहरातून जातो त्या शहरात सरकारी विद्यापीठ मात्र नव्हतं. चार वर्षांची पदवी देणारं एकच विद्यापीठ होतं आणि तेही खासगी. गावातल्या हुशार मुलांनी सोलला किंवा बुसानला जायचं, हे ठरलेलं. लोकांनी ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. शेवटी 2007 मध्ये खास कायदा झाला. शहराने आणि उल्जू तालुक्यानेही आपल्या तिजोरीतून पैसे द्यायचं कबूल केलं. सरकारी असूनही स्वतंत्र कॉर्पोरेशन म्हणून उभं राहिलेलं हे कोरियातलं पहिलं विद्यापीठ. पहिले अध्यक्ष चो मू-जे. सप्टेंबर 2015 मध्ये दर्जा बदलला आणि युनिस्ट काइस्टसारखं विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत आलं. टॅक्सीत बसून "युनिस्ट" म्हटलं की ड्रायव्हरकाका आरशातून बघून काहीतरी आपुलकीचं बोलतात. पहिल्या वर्षी ते मला कळत नसे. आता कळतं : कुणाची पुतणी इथे शिकली, कुणी बांधकामावर होतं.

उरलेलं अर्धं उत्तर आत आल्यावर सापडलं आणि मला खरं त्याबद्दलच लिहायचंय.

पुण्यात बीटेकच्या प्रोजेक्टसाठी मला एका नमुन्याचे एसईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेले, फोटो हवे होते. नमुना पाकिटात घालून पत्र जोडून दुसऱ्या संस्थेत दिला आणि पाच आठवड्यांनी ईमेलवर चार फोटो आले. ज्या जागेचा फोटो हवा होता ती त्यात नव्हती. इथे पहिल्या सेमिस्टरमध्ये सीनिअरने सांगितलं, "ट्रेनिंगला नाव घाल." यूसीआरएफ नावाची मध्यवर्ती सोय आहे. महागडी यंत्रं एकेका प्रोफेसरच्या खोलीत कुलुपात नसतात, सगळ्यांची म्हणून एका छताखाली असतात आणि ती चालवायला पूर्णवेळ तंत्रज्ञ असतात. आधी माहितीचा वर्ग, मग तंत्रज्ञांसमोर बसून प्रत्यक्ष सराव, मग परीक्षा. पास झालात की ऑनलाइन वेळ बुक करायची आणि यंत्रावर स्वतः बसायचं. तासाचे पैसे प्रोफेसरांच्या ग्रँटमधून कापले जातात, त्यामुळे उगाच कुणी अडवून बसत नाही. पहिल्यांदा एकटी बसले तो दिवस मला आठवतो. स्क्रीनवर माझ्याच कॅथोडच्या, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाच्या, कणाला पडलेली भेग दिसली, नॉब फिरवत तिच्या मागे मागे गेले, आणि कुणाला पत्र लिहायचं नव्हतं की कुणाची वाट बघायची नव्हती. चूक दिसली की त्याच संध्याकाळी दुसरा नमुना बनवता येतो. पाच आठवड्यांचं काम दोन दिवसांवर येतं, तेव्हा माणूस वेगळे प्रश्न विचारायला लागतो. संस्था कोवळी असतानाच पैसा यंत्रांच्या सामायिक सोयीत घातला, हा माझ्या मते युनिस्टच्या वाढीतला सगळ्यात शहाणा निर्णय. जुन्या संस्थांमध्ये यंत्राभोवती आधी मालकी तयार झालेली असते आणि ती मोडणं फार अवघड जातं.

लॅबमधला माझा रोजचा दिवस सांगते. ग्लोव्ह बॉक्स म्हणजे आर्गॉन वायूने भरलेली काचेची पेटी. आत ओलावा आणि ऑक्सिजन दोन्ही दशलक्षात एक भागापेक्षाही कमी ठेवायचे, कारण लिथियमला हवा लागली की त्याची चकाकी जाऊन तो काळवंडतो. पेटीला बसवलेल्या जाड रबरी हातमोज्यांत हात घालायचे आणि आत नाण्याएवढा सेल जोडायचा : खाली डबी, त्यावर कॅथोडची चकती, सेपरेटर म्हणजे दोन्ही टोकं वेगळी ठेवणारा पातळ पडदा, इलेक्ट्रोलाइट म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या द्रवाचे मोजून थेंब, लिथियमची चकती, स्टीलची चकती, स्प्रिंग, वरचं झाकण. मग प्रेसने दाबून बंद. सेपरेटर केसभर सरकला की सेल शॉर्ट होतो आणि सकाळभराची मेहनत जाते. सुरुवातीला माझे दहातले सहा सेल जात होते. आमच्या लॅबमधल्या सनबेने, म्हणजे सीनिअरने, सलग तीन दिवस शेजारी उभं राहून मला चिमटा कसा धरायचा ते शिकवलं. तिचं इंग्रजी तोडकं, माझं कोरियन त्याहून तोडकं, पण हाताला हात लावून शिकवलेलं विसरत नाही. आता माझ्या हाताखाली आलेल्या मुलाला मी तसंच शिकवते.

बॅटरीसाठी यायचं असेल तर हे ठिकाण खरंच पक्कं आहे. इथल्या समुद्राच्या पाण्याच्या बॅटरीवर तर मी अजून फिदा आहे. किम यंग-सिक यांच्या गटाचं हे काम. समुद्राच्या पाण्यातला सोडियम एका सिरॅमिकच्या पातळ पडद्यातून आत घ्यायचा. हा पडदा सोडियमचे आयन तेवढे जाऊ देतो आणि पाणी अडवतो. चार्जिंगला सोडियम आत जमा होतो, वापरताना परत पाण्यात जातो. लिथियम खाणीतून आणावा लागतो, इथे कच्चा माल किनाऱ्यावर येऊन आदळतो. कोकणाचा किनारा असलेल्या आपल्या राज्यातल्या मुलांनी यात पडायला हवं असं मला मनापासून वाटतं. सौर घटांमध्ये सोक सांग-इल यांचं नाव आहे. पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकांपासून बनवलेल्या घटांची कार्यक्षमता 25 टक्क्यांच्या पुढे नेणाऱ्या जगातल्या मोजक्या गटांपैकी त्यांचा एक. ग्राफीनवाले (ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूएवढा पातळ थर) रॉडनी रुऑफ अमेरिकेतून इथे आले ते आयबीएसच्या, म्हणजे मूलभूत विज्ञानासाठी सरकारने काढलेल्या संस्थेच्या, केंद्रासाठी. नाव झालेला माणूस नव्या जागी येतो, त्याच्यामागे पोस्टडॉक येतात, त्यांच्यामागे विद्यार्थी. शिवाय तासाभराच्या अंतरावर पोहांगला सिंक्रोट्रॉन, म्हणजे अतिप्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र, आहे आणि तिथे युनिस्टच्या नावाची बीमलाइन, म्हणजे त्या किरणांवर प्रयोग करायची जागा, आहे, 6डी. तिथे प्रयोगाची वेळ मिळाली की रात्रंदिवस आळीपाळीने जागायचं. मी दोनदा गेले. पहाटे चारला उकळत्या पाण्यातले नूडल्स खात मोजमापं बघण्यासारखं सुख नाही.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथल्या पर्यावरण अभियांत्रिकीच्या चो जे-वन यांनी विष्ठेपासून मिथेन बनवणारं टॉयलेट उभारलं होतं. 2021 मध्ये त्याची बातमी जगभर गेली. वापरणाऱ्याला 'क्कूल' नावाचं डिजिटल चलन मिळायचं, क्कूल म्हणजे मध. त्यातून कॅम्पसवर कॉफी, फळं, पुस्तकं घेता यायची. दिवसाला माणशी साधारण अर्धा किलो विष्ठेतून 50 लिटर मिथेन, त्यातून अर्धा युनिट वीज, असा त्यांचा हिशेब. आपल्याकडे गोबरगॅस घराघरात माहीत आहे, त्यामुळे मला तंत्राचं एवढं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते चलनाचं : घाण म्हणून टाकतो त्या वस्तूची किंमत माणसाच्या हातात ठेवायची.

रँकिंगबद्दल लोक विचारतातच. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या रँकिंगमध्ये 2017 पासून पुढची काही वर्षं युनिस्ट कोरियात पहिलं होतं. पण ते रँकिंग बघतं ते एकूण पेपरांपैकी किती टक्के पेपर सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या दहा टक्क्यांत येतात ते. म्हणजे आकार मोठा असण्याचा फायदा तिथे नाही, आणि मोजके विषय निवडून त्यात चांगली माणसं आणलेल्या छोट्या संस्थेचं चांगलं दिसतं. आकडा खरा आहे. मात्र तुमचा विषय त्या मोजक्यांत नसेल तर त्या आकड्याचा तुम्हाला उपयोग नाही. बॅटरी, सौर, कार्बन पदार्थ, सेमीकंडक्टर असेल तर या. सिव्हिल किंवा मेटलर्जीची जुनी भक्कम परंपरा शोधत असाल तर दुसरीकडे बघा.

कॅम्पस उल्सानच्या मुख्य वस्तीत नाही, पश्चिमेला डोंगरांच्या पायथ्याशी ऑनयांग भागात आहे. उल्सानला मेट्रो नाही, बसच. केटीएक्स या वेगवान रेल्वेचं स्टेशन मात्र जवळ आहे, टॅक्सीने पंधरा मिनिटं, आणि तिथून सोल अडीच तासांच्या आत. कॅम्पसवर गामाक नावाचं तळं आहे आणि नऊ पूल. या पुलांना इथल्या पुढच्या नोबेल विजेत्यांची नावं द्यायची म्हणून त्या जागा राखून ठेवल्या आहेत. रविवारी मी बांगुदेची कातळचित्रं बघायला जाते, तीही याच ऑनयांगमध्ये. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कातळावर देवमासे कोरले, भाला लागलेला मासासुद्धा. यंदा जुलैमध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. रत्नागिरीची कातळशिल्पं पाहिलेल्या माणसाला तिथे उभं राहून घरची आठवण येणारच.

आता अडचणी. वर्ग इंग्रजीत होतात, ही गोष्ट खरी आहे. पण लॅबमधल्या गप्पा, यंत्रावरच्या चिठ्ठ्या, जेवणाचे बेत हे कोरियनमध्ये, आणि गेटबाहेर तर सगळंच. मी पहिलं वर्ष भाषेकडे दुर्लक्ष केलं, ती माझी मोठी चूक. दाढ दुखली तेव्हा दवाखान्यात फोनवरच्या भाषांतरावर भागवावं लागलं. भाषा यायला लागली तशी लॅबमधली माणसंही जवळ आली. निघण्याआधी किमान हांगुल लिपी शिका, आठवडाभरात येते.

शाकाहारी असाल तर नीट विचार करा. किमचीतसुद्धा बहुतेक वेळा मासळीची आंबवलेली पेस्ट असते. मी अंडी खाते म्हणून निभलं. तूरडाळ, गोडा मसाला ऑनलाइन किंवा घरून. इंडक्शनवर कुकर लावून वरणभात केला की कॉरिडॉरमधले व्हिएतनामी आणि कझाक मित्र फोडणीच्या वासाने आपोआप येतात.

तिसरी अडचण तरुण संस्थेची म्हणूनच आहे. माजी विद्यार्थी अजून पस्तिशीच्या आतबाहेर. मोठ्या खुर्च्यांवर त्यांची पिढी बसायची आहे. पुण्यातल्या एका कंपनीच्या एचआरने मला फोनवर संस्थेचं नाव तीन वेळा विचारलं. तिथे आयआयटीसारखं नाव सांगून काम होत नाही, पेपर आणि हातातलं कौशल्य दाखवावं लागतं. माझ्या प्रोफेसरांनी दिलेलं शिफारसपत्र मात्र जपान आणि जर्मनीत वजनदार ठरलं.

कागदपत्रांसाठी मी एक एजंट धरला होता. त्याने पैसे घेतले आणि डिग्री महिनाभर स्वतःच्या टेबलावर ठेवली. शेवटी मी स्वतः मुंबईला जाऊन अटेस्टेशन आणि अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, करून आणलं. असल्या एजंटांना पैसे देऊ नका. डी-2 या विद्यार्थी व्हिसाला क्षयरोगाची तपासणीही लागते, ती आधीच उरका.

अर्जाचा खरा भाग म्हणजे प्रोफेसरांना ईमेल. ज्या लॅबमध्ये जायचंय तिथले अलीकडचे दोन पेपर वाचा आणि त्यातल्या एका आकृतीबद्दल खरा प्रश्न विचारा. मी आकृती 4 मधल्या एका वक्राबद्दल विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं, खाली एक ओळ होती : हा वक्र आम्हालाही अजून पूर्ण समजलेला नाही, येऊन बघणार का?