ओलान्झापिन: आवाज थांबले, भूक थांबेना

परवा उपाशीपोटीची साखर ११८ आली. गोळी सुरू होण्याआधी ती कायम नव्वदच्या आत असायची, म्हणून हे लिहायला घेतलं.

ओलान्झापिन १० मिलिग्रॅम, रात्री एक. भास होणाऱ्या मानसिक आजारावरची ही गोळी. मूळ कामात औषध चोख आहे. कुणी नसताना ऐकू येणारे आवाज काही आठवड्यांत मंदावले, झोप परत आली. तोंडाला कोरड पडते, सकाळी डोकं जड असतं, ते मी चालवून घेते.

भूक मात्र चालवून घेता येत नाही. जेवून तीन तास होत नाहीत तोच ओट्यापाशी उभ्याने शिळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, मग डब्यातले चुरमुरे, मग गूळ. पोट दुखतं तरी हात थांबत नाही. हे औषध मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांच्या काही रिसेप्टरांना, म्हणजे ती जिथे चिकटतात त्या जागांना, अडवतं, भूक त्यातून वाढते. ‘जिभेवर ताबा ठेव’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी एवढं तरी समजून घ्यावं.

माझा खरा राग जिथे औषध सुरू झालं त्या दवाखान्यावर आहे. सुरुवातीलाच वजन, कंबर, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल बघायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा, हा सर्वमान्य शिरस्ता आहे. तिथे कुणी साध्या काट्यावरही उभं केलं नाही. विचारलं तर म्हणाले, "आवाज गेले ना? मग वजनाचं काय घेऊन बसलात?"

मध्यंतरी दुसऱ्या डॉक्टरांनी अ‍ॅरिपिप्राझोल या त्याच आजारावरच्या दुसऱ्या गोळीवर आणलं. वजन थांबलं, पण मला एका जागी बसवेना. भाजी निवडायला बसले की पाय आतून ओढायचे, मेथीची जुडी अर्धी टाकून घरभर फेऱ्या. याला अकॅथिसिया म्हणतात. तेव्हापासून ओलान्झापिनला सरसकट शिव्या घालणं मी सोडलं. परत त्यावरच आले. आता साखरेसाठी आणि वजनासाठी जेवणासोबत मेटफॉर्मिनही सुरू झालंय.

माझं वाचून कुणी गोळी एकदम बंद करू नका, आजार उलटतो. जेनेरिक घ्या, बरंच स्वस्त पडतं. वाचलेल्या पैशांतून मी घरी वजनकाटा आणलाय. पुढच्या भेटीत कंबरेचं माप फाइलवर लिहून घेतल्याशिवाय खुर्चीतून उठणार नाही.